रबराच्या पट्टीखालचा पाईप

आबा, तुमच्या जीपची पॉवर स्टेअरिंगची लाईन मी बदलली. मी म्हणजे मीच, गॅरेजवाल्याने नाही आणि दादाने तर नाहीच. गाडीखाली पाठीवर पडून, डोळ्यांत गंजाचा चुरा पाडून घेत बदलली. आता तुम्हाला राग यायचा असेल तर खुशाल येऊ दे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं लोटली की गावातल्या नव्या सुनांना तुम्ही फक्त फोटोतले माहीत आहात. पण या घरात अजूनही काही ठरवायचं झालं की "आबा काय म्हणायचे" इथूनच सुरुवात होते. होतात तेव्हा निदान भांडता तरी यायचं. भांडता यायचं म्हणजे काय, तुम्ही बोलायचात आणि मी मोरीत भांडी आपटायची. भिंतीवरच्या हार घातलेल्या माणसासमोर भांडी आपटून काय उपयोग? म्हणून लिहायला बसले आहे. मधे बोलू नका, पुरतं ऐकून घ्या.

झालं असं. बिरवाडीच्या बाजारातून मी माणसं भरून येत होते. पिशव्या, कोंबड्या, टपावरच्या लोखंडी कॅरिअरवर खताची पोती, रोजचंच. वरंधचा रस्ता सोडून शिवथरच्या खोऱ्याकडे वळले आणि पुढच्या चढावर स्टेअरिंग हातात एकाएकी दगड झालं. पुढून पंप असा कण्हायला लागला की मागच्या बायका गप्प झाल्या. गाडी कडेला घेतली, वाकून बघितलं, तर खाली रस्त्यावर लाल ऑईल ठिबकत होतं आणि मागे वळणापर्यंत त्याची रेघ गेली होती. पुढच्या सीटवर शेजारच्या वाडीतली आजी होती, तुमच्या वेळेपासून त्याच जागेवर बसणारी. ती म्हणाली, "काय गो, रेडा अडला काय?" मी म्हटलं, "अडला नाय आजी, त्याची शीर तुटली." पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून त्याचा पट्टा काढून टाकला आणि नुसत्या हातांच्या जोरावर गाडी पुढे काढली. जिथे एका दमात वळायचं तिथे मागे घ्या, परत पुढे घ्या. दंड भरून आले, मानेवरून घाम खाली उतरला, पण एकेकाला आपापल्या वाडीच्या तोंडाशी सोडलं. उतरताना आजी म्हणाली, "बापूस पण तुझा असाच दात खाऊन चालवायचा." हे तुम्हाला आवडलं असतं की नाही, कोण जाणे.

बातमी दादापर्यंत माझ्याआधी पोचली. तो बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कारखान्यात आहे, सुट्टीला घरी येतो. या खेपेला बुधवारीच आला तो तडक चुलीपुढे येऊन पाटावर बसला. आई भाकऱ्या थापत होती. मी हातपाय धुऊन आले तर हा सुरूच झाला. "किती दिवस ओढणार हायस गो हे धूड? पुण्याचा एक माणूस हाय. जुन्या फोर बाय फोर गाड्या गोळा करतो, डोंगरात चिखलात खेळायला. रविवारी बघायला येतो म्हणालाय. आवडली तर तेव्हाच घेऊन जाईल." मी म्हटलं, "खेळायला?" तर म्हणतो, "मग तू काय करतेस? भरल्या गाडीनिशी घाटात लाईन फुटली असती तर? उगाच म्हणायचे काय आबा, ही गाडी बाईमाणसाच्या हातात द्यायची नाय म्हणून?" आणि वर शेवटचा घाव घातलाच, "आबांनी बसवलेली लाईन ती. त्यांच्या हातात कधी एक थेंब गळला नाय. तुझ्या हातात सडली."

खरं सांगते, त्या क्षणी परात उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण तो काही लबाड नाही, हे मला ठाऊक आहे. तो घाबरतो. रोज संध्याकाळी माझा फोन उचलला गेला नाही तर त्याचा जीव वरखाली होतो आणि भीती वाटली की तो तुमचा आवाज काढतो. मी म्हटलं, "रविवारी तुझा पुणेवाला यायच्या आत गाडी वरंधच्या घाटात वर नेऊन दाखवते. नेली, तर विकायचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाय. नाय जमलं, तर चावी मीच त्याच्या हातात देईन." "बोललीस हां," तो म्हणाला. "बोलले." आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "दोघं पण बापसावर गेली हायत. जेवा आता, गाडी काय पळून जात नाय."

ही गाडी म्हणजे मला काय आहे, ते तुम्हाला माहीत नाही, कारण ते सगळं तुमच्यामागे घडलं. पोलादपूरचं सासर सोडून मी परत आले तेव्हा तुम्ही नव्हतात. असतात तर दारातूनच परत पाठवलं असतंत. हे मला पक्कं माहीत आहे आणि आईलाही. आले तेव्हा घरात माझं असं काही नव्हतं. ताटात वाढलेलं खायचं, सांगितलेलं करायचं आणि कुणी पाहुणा आला की आत जायचं. जीप मागच्या पडवीत उभी होती. तुमच्यानंतर ठेवलेला ड्रायव्हर मुंबईला निघून गेला आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. तेव्हा एक दिवस कोंबड्या हाकलल्या, महाडला जाऊन रीतसर लायसन काढलं, आणि त्या दिवसापासून मी खोऱ्यातली ड्रायव्हर आहे. बाळंतीण न्यायची तर मला बोलावतात, वरात न्यायची तर मला. पावसात ओढ्यावरून पाणी जात असलं की लोक काठावर उभे राहून माझी वाट बघतात, कारण या गाडीची चारी चाकं ओढतात आणि मला पाण्याचा अंदाज आहे. गाडी गेली तर मी पुन्हा भावाच्या घरात राहणारी बहीण होते. मला ते व्हायचं नव्हतं. कधीच व्हायचं नाही.

आणि तुमचं ते वाक्य कुठून आलं, तेही मला आठवतं. तुम्हाला आठवतं का? तुम्हाला ताप भरला होता, आणि तुम्ही खाटेवर पडून नुसतं पाणी मागत होतात. खाली वरंधच्या नाक्यावर सकाळची माणसं खोळंबली होती. अंगणात गाडी पुढेमागे करायला तुम्हीच शिकवलं होतं मला, उन्हाळ्यात मोकळ्या शेतात फिरवायलाही दिली होती. मी चावी घेतली. गाडी नाक्यावर नेली, माणसं बसली, कुणी काही बोललं नाही, उलट एकजण म्हणाला, "चला, आज नवीन ड्रायव्हर." आणि तेवढ्यात तुम्ही येता. डोक्याला रुमाल बांधलेला, कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून, तापाने लाल झालेले. उतरता, आणि गाडीच्या दाराशी येऊन सगळ्यांच्या देखत म्हणता, "उतर खाली. गाडी काय चूल हाय, बाईनं बसावं पुढ्यात?" मी उतरते. लोक हसतात. फार नाही, पण हसतात. मी मागे जाऊन कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसते आणि तुम्ही तापात, थरथरत्या हातांनी, गाडी बिरवाडीपर्यंत नेता. सबंध वाटेत मी तुमच्या पाठीकडे बघते आहे. गाडी दोनदा कडेला गेली होती, आबा. माझ्या हातात एकदाही गेली नव्हती.

त्याच दिवाळीला मी लायसन मागितलं, आणि तुम्ही शिलाई मशीन आणलीत. महाडहून, टपावर बांधून, कुंकू लावून. वाटलं असेल, पोरीचं समाधान झालं. मी ती मशीन महिनाभर झाकून ठेवली होती. मग तुमच्या जीपचं हूड फाटलं आणि मी त्याच मशीनवर जाड ताडपत्रीचं नवं हूड शिवलं, दुहेरी टीप घालून. ते शिवताना सुया मोडल्या, बोट फुटलं. ते तुम्ही अख्ख्या बाजाराला दाखवलंत, "पोरीनं शिवलंय" म्हणून. तुमच्या गाडीचं छप्पर करायला मी चालत होते. चाक धरायला नाही. एवढं बोलायचं होतं, बोलले.

असो. शनिवारी सकाळी गाडी अंगणात घेतली, पुढून जॅकवर उचलली, चासीखाली लाकडाचे ठोकळे दिले आणि खाली शिरले. पॉवर स्टेअरिंग तुमच्या हातचं. तुमचा खांदा आखडला तेव्हा भंगारातल्या कुठल्याशा गाडीचा पंप आणि चाकं वळवणारा बॉक्स काढून आणून तुम्ही ते जुन्या जीपला बसवलं होतं, आणि मग नाक्यावर गाडी उभी करून एका बोटाने चाक फिरवून दाखवायचात. पंपापासून निघून रेडिएटरच्या खालून आडव्या पट्टीवरून पलीकडे बॉक्सला जाणारा तो लोखंडी पाईप. त्यातून ऑईल दाबाने जातं म्हणून चाक हलकं होतं, हेही तुम्हीच सांगितलेलं. आणि त्या पाईपावर तुमची सही. सायकलची जुनी ट्यूब लांब कापायची आणि ती पट्टी पाईपावर ओढून ओढून गुंडाळायची, एक वेढा अर्धा दुसऱ्यावर. मग वरून तारेने आवळायचं. ओढ्यातला दगड लागू नये, पाईप चासीवर वाजू नये. पावसाआधी सगळ्या गाडीला खालून काळं ऑईल मारायचं आणि नळी म्हणून दिसेल तिला ट्यूबची पट्टी. खोऱ्यात कुणाचीही गाडी आली तरी तुम्ही तिच्याखाली वाकून बघायचात आणि म्हणायचात, "उघडी ठेवलीय सगळी. नागडी गाडी." लोक तुम्हाला ट्यूबवाले आबा म्हणायचे आणि तुम्हाला त्याचा केवढा तोरा होता!

पंपाकडचा नट सुटला. बॉक्सकडचा काही केल्या हलेना. रात्रभर डिझेल पाजलं होतं, तरी पाना घसरून नटाचे कोपरे गोल व्हायला लागले. मग म्हटलं, पाईप तर जायचाच आहे. जाड तारेला पाईपासारखा बाक देऊन आधी माप घेतलं, नटाला लागून हॅक्सॉने पाईप कापला आणि वरून गोटी पाना चढवून अंगाचा जोर टाकला. कचकन आवाज झाला. मला वाटलं नटच तुटला. पण नट फिरला होता. खालूनच मी अशी ओरडले की आई पदर सावरत धावत आली, "काय लागलं गो?" "लागलं नाय, सुटलं!" मी म्हटलं. ती कपाळावर हात मारून आत गेली.

मग पाईप बाहेर आणला, जोत्यावर बसून तारा कापल्या आणि ट्यूबची पट्टी उलगडायला घेतली. पहिला वेढा निघाला आणि आतून पाणी आलं, आबा. एवढं ऊन, गाडी पंधरवड्यात ओढ्यात उतरली नव्हती, आणि पट्टीखालून काळं पाणी आलं आणि मागोमाग चिकट गाळ. दुसरा वेढा काढला तर पाईपाचे पापुद्रे माझ्या बोटांना चिकटून निघाले. नखाने दाबलं तर नख आत गेलं. पट्टी होती तिथे सगळीकडे असंच. आणि टोकांना, जिथे तुमची ट्यूब पुरली नव्हती, पाईप उघडा होता, वारा लागत होता, तिथे थोडा गंज पुसला की खालचं लोखंड धड. मी तो पाईप कितीतरी वेळ इकडून तिकडे फिरवून बघत होते. मला आधी खरंच वाटेना. पावसाचं पाणी, ओढ्याचं पाणी वरच्या फटीतून आत शिरायचं आणि तुमच्या घट्ट वेढ्यांतून त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. माझ्या हातात नव्हता सडला. तुमच्या हातानेच सडला होता. जपायला म्हणून गुंडाळलंत, आणि त्या गुंडाळण्यानेच तो खाल्ला.

असा संताप आला म्हणून सांगू! एकटीच जोत्यावर बसून मोठ्याने बोलत होते तुमच्याशी. "बघा, हे बघा तुमचं जपणं!" म्हणत होते. माझ्या डोळ्यांपुढे नुसता पाईप नव्हता. तापात सायकलवरून येऊन मला उतरवणारे तुम्ही होतात. पोलादपूरचं स्थळ चांगलं घरंदाज आहे, पोरगी झाकली जाईल, असं आईला सांगणारे तुम्ही होतात. झाकली गेलेच मी, चांगली झाकली गेले, आणि आत काय होत होतं ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं. माझं या पाईपासारखं झालं नाही, कारण मी तिथून उठून आले. तुम्ही शिकवलेलं मोडून आले म्हणून धड राहिले. हे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं आणि तुम्ही त्याआधीच निघून गेलात. मला याचा तुमच्यावर राग आहे. होता नाही, आहे.

दुपारी बिरवाडीला गेले. कारखान्यांच्या बाजूला एक दुकान आहे, जेसीबीचे आणि क्रेनचे प्रेशर पाईप बनवून देतात. मालक महाडचे, दुबईला क्रेनवर उमेदीची वर्षं घालवून आलेले चाचा, दाढी मेंदीने लाल. त्यांच्यापुढे मी वाकवलेली तार आणि दोन्ही टोकांचे नट ठेवले. "गाडी कुणाची?" त्यांनी विचारलं. "माझी." "तसं नाय, मालक कोण?" "तुमच्यापुढं उभी हाय." चाचांनी चष्मा कपाळावर ढकलून मला नीट बघितलं आणि खो खो हसले. "बरं बाय, मालकीणबाई, बसा." मी म्हटलं, बसायला नाही आले, जुन्याला जोड नको, वेल्डिंगचा डाग नको, दाबाची लाईन आहे, अख्खी नवी हवी आणि वायसर तांब्याचे हवेत. "सगळं तूच सांगणार, तर मी काय नुसता चहा पिऊ?" म्हणत त्यांनी कामाला हात घातला. पाईप वाकवता वाकवता खोऱ्याचं नाव विचारलं आणि मग एकदम थांबले. "म्हणजे तू ट्यूबवाल्या आबांची पोर? अगो, त्यांची गाडी दारातून गेली तरी वाजायची नाय!" पाईप तयार झाल्यावर ते आत गेले आणि हौसेने सायकलची ट्यूब घेऊन आले. "ही घे. वरून गुंडाळायला लागंल ना? तुझ्या आबांची पद्धत."

"नको," मी म्हटलं. "नको काय? दगड लागंल." "लागू दे. दोन ठिकाणी क्लिपा मारीन. बाकी उघडी राहू दे. मला रोज दिसली पाहिजे."  चाचा ट्यूब खुंटीवर परत अडकवून म्हणाले, "आबा ऐकत असतील हां." "ऐकू देत," मी म्हटलं. ऐकलंत का?

रविवारी सकाळी दादा आला. पुणेवाला दुपारी यायचा होता. नवी लाईन मी आदल्या दिवशीच चढवली होती, नट हाताने फिरवून नीट आट्यांत बसल्याची खात्री करून मगच पाना लावला होता. आता ऑईल भरून हवा काढायची होती आणि ते काम एकट्याचं नाही. तुमच्या वेळी तुम्ही वर बसून चाक फिरवायचात आणि मी खाली बॅटरी घेऊन गळतंय का बघायची. मी दादाला म्हटलं, "वर बस. मी सांगेन तसं चाक फिरव." "मी? तू बस की वर." "तुला खालचं काय कळणार हाय? बस गप." बसला. इंजिन बंद ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाक फिरवायचं, हळूहळू. ऑईलच्या डब्यात बुडबुडे येत होते, ऑईल खाली जात होतं, मी ओतत होते. तो घामाघूम. "केवढं जड हाय हे!" म्हणतो. मी म्हटलं, "हे असं जड चाक घेऊन परवा मी खोऱ्यातनं माणसं आणली. आठवणीत ठेव."

मग इंजिन चालू केलं. पंप आधी गुरगुरला, नंतर शांत झाला. मी खाली सरकले. तुम्ही उघडा हात फिरवून गळती बघायचात. मी तसं करत नाही. दाबाचं ऑईल बारीक भोकातून आलं तर कातडी फोडून आत जातं, म्हणून मी पुठ्ठा धरते. जोडांपाशी धरला, पाईपाच्या सबंध लांबीवरून फिरवला. वर दादा चाक फिरवतोय. पुठ्ठा कोरडा होता. परत धरला, परत कोरडा. तेवढ्यात वरून दादाचा आवाज आला, अगदी लहानपणीचा, "अगो, हे बोटानं फिरतंय!"

आईने चाकापुढे नारळ फोडला, लिंबू ठेवलं, आणि आम्ही निघालो. वरंध ओलांडून घाटाला लागलो. तुम्हाला ती वर चढत जाणारी वळणं काय सांगायची, पाठच होती तुम्हाला. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वरून येणारा भाजीचा टेम्पो कधीच हॉर्न देत नाही. दादा डाव्या हाताने दांडी धरून बसला होता. पहिल्या दोन वळणांना त्याचा पाय त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होता. मी मुद्दाम हळू गेले नाही आणि मुद्दाम जोरातही नाही, रोज जाते तशीच गेले. एका आखूड वळणावर टेम्पो अंगावर आलाच. मी गाडी कडेला घेतली, त्याला वाट दिली, आणि परत एकाच दमात वळण काढलं. वर मोकळ्या जागी गाडी लावली. इंजिन बंद केल्यावर कान एकदम रिकामे झाले. दादाने दांडी सोडली, हात झटकले आणि खिशातून फोन काढून पुण्याला लावला. "साहेब, येऊ नका. गाडी विकायची नाय... नाय, नाय, बिघडलेली नाय. चालवणारी हाय तिची घरात." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, "चालवतेस चांगली." मला रडू आलं. ते लपवायला मी खाली उतरून उगाच पाईप तपासला.

परत येताना, उतार लागल्यावर, दादाने विचारलं, "पण पाईप सडला कशानं गो? आबांचं काम ते, असं कसं झालं?"

हेच त्याने बुधवारी चुलीपुढे माझ्या तोंडावर मारलं होतं. आता उत्तर माझ्याकडे होतं. एक वाक्य बोलले असते की तुमचा शब्द त्या घरात कायमचा खाली आला असता, आणि माझा वर. त्यासाठी तर मी इतकी वर्षं दात खाऊन होते.

मी म्हटलं, "मोठ्या पुरात गाडी महाडच्या बाजारात बुडाली होती ना? तेव्हा गाळ बसला असणार आत."

"तरीच," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही हलकं झालं, आबा, की मला बघवेना. "तरीच म्हटलं. आबांचं काम असं जाणारच नाय."

मी गिअर बदलला. पट्टी आदल्याच दिवशी, तो यायच्या आत, मी न्हाणीच्या चुलीत घातली होती. सडका पाईपही त्याला दिसू नये म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकला होता. "काय जळतंय गो, एवढा वास?" असं आईने विचारलं, तिलाही चिंधी म्हणून सांगितलं. हा कागद तुमच्यापर्यंत यायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात मी तो पडू देणार नाही. तुमच्याशी मी भांडेन, मरेपर्यंत भांडेन. पण तुम्हाला दुसरं कुणी नावं ठेवलेलं मला अजून चालत नाही.